८० मिमी, २०-६० झूम स्पॉटिंग स्कोप: अस्वलं लांबून बघायला कितपत पुरतो?

पुढचं भिंग ८० मिमी, झूम २० ते ६० पट, आयपीस (डोळा लावायचा भाग) ४५ अंशांत वळलेला, वजन दीड किलोच्या आसपास आणि काच साधी, म्हणजे ईडी (रंग कमी फाकवणारी खास काच) नसलेली. मध्यम किमतीत सर्रास मिळणारा हा स्कोप, म्हणजे ट्रायपॉडवर लावायची एका डोळ्याची दुर्बीण, पक्षी बघणारे घेतातच. हे परीक्षण मात्र दाजीपूरचे गवे किंवा चंदगड-आजऱ्याकडची अस्वलं लांबून बघून त्यांच्या वागण्याची नोंद ठेवू पाहणाऱ्यांसाठी आहे. कसोटी मुद्दाम अवघड घेतली आहे: अमेरिकेतल्या ग्रिझली अस्वलांचं पतंग खाणं.

आर्मी कटवर्म नावाचे पतंग उन्हाळ्यात मैदानी प्रदेशातून रॉकी पर्वतात चढतात. रात्री फुलांतला मध पितात आणि दिवसा तीन हजार मीटरच्या आसपासच्या दगडगोट्यांच्या उतारांवर, कपारींत दाटीनं बसून राहतात. ऑगस्ट संपेपर्यंत त्यांच्या अंगात चरबी इतकी साठते की अस्वलाला याहून कसदार खाणं मिळणं कठीण. ग्लेशियर नॅशनल पार्कमधल्या अभ्यासात एका अस्वलाच्या पोटात दिवसाला ४० हजारांपर्यंत पतंग जात असावेत, असा हिशेब निघाला. एका पतंगातून जेमतेम अर्धी कॅलरी मिळते, तरी एकूण बेरीज २० हजारांच्या घरात जाते. १९९९ साली तिथल्याच अभ्यासकांनी आणखी एक गोष्ट मांडली: गिर्यारोहकांची चाहूल लागलेली अस्वलं पतंग खाण्यात ५३ टक्के कमी वेळ घालवतात. जवळ जाऊन बघायचं ठरवलं तर जे बघायचं तेच बिघडतं. म्हणून समोरच्या धारेवर बसून स्कोपनंच काम करावं लागतं.

आता हा स्कोप. २० पटींवर साधारण २ अंशांचा पट्टा दिसतो, म्हणजे एक किलोमीटरवर सुमारे ३५ मीटर रुंदी. उतार विंचरून काढायला हे पुरतं. अस्वल सापडलं की ३० ते ४० पटींवर थांबावं. दगड उलटणारा पंजा, खांद्यापर्यंत कपारीत घुसलेलं डोकं, वाऱ्यानं पिंजारलेले पाठीवरचे केस, सगळं स्वच्छ दिसतं. अस्वल नुसतं हुंगतंय की एका जागी ठिय्या देऊन खातंय, हा फरक इथेच कळतो आणि नोंदवहीत तोच महत्त्वाचा असतो.

६० पट मात्र खोक्यावर छापण्यापुरते. भिंगाचा व्यास भागिले पट केलं की डोळ्यात शिरणाऱ्या प्रकाशझोताची जाडी मिळते: २० वर ४ मिमी, ६० वर जेमतेम १.३. पहाटे आणि तिन्हीसांजेला, म्हणजे अस्वलं बाहेर पडतात नेमक्या त्या वेळी, चित्र अंधारतं. शिवाय साध्या काचेमुळे काळ्या पाठीच्या कडेला जांभळी-हिरवी झालर उमटते. ईडी काचेत ती बरीच कमी होते; परवडत असेल तर जादा पैसे तिथं घालावेत, झूममध्ये नाही.

त्याहून मोठी अडचण तापलेल्या हवेची. दगडी उतार असो की आपला जांभ्याचा सडा, उन्हं चढली की हवा थरथरू लागते आणि वाढवलेले पट ती थरथरच मोठी करून दाखवतात. महागातला महाग स्कोपही याला औषध नाही. खरेदीआधी हे स्वतः तपासता येतं. कोल्हापुरात रंकाळ्याच्या चौपाटीवरून पाण्यापलीकडे शालिनी पॅलेसच्या मनोऱ्यावर स्कोप लावा. सकाळी सातला ४० पटींवर कडा रेखीव दिसल्या पाहिजेत. सकाळीच धूसर दिसलं तर तो नग परत करा. दुपारी बाराला धूसर दिसलं तर दोष स्कोपचा नाही.

ट्रायपॉडवर कंजूषपणा नको. बजेटचा तिसरा हिस्सा त्यासाठी ठेवा. फोटोच्या बॉल हेडवर (गोळ्यावर फिरणाऱ्या माथ्यावर) स्कोप हळूहळू नाकाडावर येतो, व्हिडिओचं संथ फिरणारं फ्लुइड हेडच घ्या. मधली दांडी वर काढू नये, काढली की वाऱ्यात चित्र नाचतं. आयपीस वळलेला असल्यानं ट्रायपॉड बुटका ठेवता येतो आणि उंच-ठेंगणी माणसं आळीपाळीनं बघू शकतात. सरळ नळीपेक्षा हा प्रकार निर्विवाद चांगला. निशाण साधायला सुरुवातीला वेळ लागतो, तेवढंच.

मर्यादा नीट समजून घ्याव्यात. किलोमीटरभरावरचा पतंग यातून फार तर ठिपका दिसेल. अस्वल कुठं, किती वेळ आणि कसं खातंय, हे स्कोप सांगतो. काय खातंय, ते विष्ठेत सापडणाऱ्या पंखांच्या नि पायांच्या तुकड्यांवरून ठरतं. ती गोळा करायची तर अस्वलं निघून गेल्यावरच. आपल्या अस्वलांचंही तसंच. वारूळ उकरून वाळवी ओढून घेतानाचा त्यांचा आवाज शंभर मीटरवरूनही ऐकू येतो, पण झाडोऱ्यात स्कोपला काहीच दिसत नाही. त्यामुळे इथं हा स्कोप सडे, गवताळ माळ आणि समोरासमोरच्या डोंगरधारांपुरताच कामाचा. गच्च रानात ट्रॅप कॅमेरा (जनावर समोर आलं की आपोआप फोटो काढणारा) लावावा. अभयारण्यात दोन्हींसाठी वनविभागाची परवानगी आधी काढावी.

शेवटी पावसाळा. ‘वॉटरप्रूफ’ लिहिलेल्या स्कोपमध्ये नायट्रोजन भरलेला असेल तर आतून धुकं धरत नाही, पण आयपीसच्या बाहेरच्या काचेवर बुरशी येऊ शकते. गगनबावड्याच्या पावसातून आलेला स्कोप कव्हरमध्ये तसाच ठेवणं ही सगळ्यात मोठी चूक. आधी पंख्याखाली सुकवा, मग हवाबंद डब्यात सिलिका जेलसह ठेवा. डब्यात आर्द्रता मोजणारा छोटा काटा टाका. ४० ते ५० टक्के बरोबर, ६० च्या वर गेला की जेल तापवून वाळवा. टोपण काढून भिंगावर तिरका टॉर्च मारल्यावर कोळिष्टकासारखे तंतू दिसले तर ते पुसून जात नाहीत. कारागिराकडे लगेच द्या, कारण बुरशी कोटिंग खाऊन गेली की काच बदलण्यावाचून इलाज उरत नाही.