राणीछाप, राजाछाप रुपये तपासणीला पाठवले : काही महिन्यांनंतरचा अनुभव

घरातले जुने चांदीचे रुपये विकण्याआधी त्रयस्थ कंपनीकडून तपासून (ग्रेडिंग करून) घ्यावेत का? माझं मत असं, की निवडक नाण्यांसाठी जरूर घ्यावेत, सगळ्या गाठोड्यासाठी मुळीच नको.

आम्ही खामगावकडचे. चांदी म्हटली की वऱ्हाडात पहिलं नाव खामगावचंच निघतं. पण सराफाच्या काट्यावर रुपया चढला की त्याच्यावरचं साल कुणी वाचत नाही. ११.६६ ग्रॅम वजन, त्यात ९१.७ टक्के चांदी, घट वजा केली की झाला हिशेब. १८६२ चा व्हिक्टोरिया राणीचा राणीछाप असो की १९१९ चा पंचम जॉर्ज राजाचा राजाछाप, भाव तोच. जुन्या नाण्यांच्या व्यापाऱ्याला व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवले, तर त्याचं म्हणणं, "खरे हायेत का नाही, हातात आल्याबिगर कसं सांगू ताई?" त्याचंही बरोबरच आहे, बाजारात नकली रुपये भरपूर फिरतात. पण खेड्यात बसून विकणाऱ्याचा शब्द कुणी धरत नाही, ही अडचण खरी आहे आणि तपासणीने माझी ती सोडवली. आता मी तपासलेल्या नाण्याच्या डबीवरचा नंबर पाठवते, समोरचा कंपनीच्या साइटवर फोटो जुळवून पाहतो आणि बोलणं थेट भावावर येतं.

कंपनीत आधी नाणं खरं की खोटं ते ठरतं, मग त्याची अवस्था १ ते ७० या पट्टीवर मोजतात. ही पट्टी विल्यम शेल्डन यांनी १९४९ मध्ये अमेरिकेच्या जुन्या सेंट नाण्यांसाठी मांडली होती. ६० आणि त्यापुढचं नाणं म्हणजे व्यवहारात न फिरलेलं. मग नाणं पारदर्शक डबीत सीलबंद होऊन येतं. किंमत मात्र कंपनी सांगत नाही, ती आपणच ठरवायची.

पीसीजीएस आणि एनजीसी या नाणी तपासणाऱ्या अमेरिकन कंपन्यांचं नाव मोठं आहे, पण आपल्या जुन्या रुपयांना तो रस्ता बंद समजा. १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार १०० वर्षांहून जुनं नाणं खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. पंचम जॉर्जच्या रुपयांवर शेवटचं साल १९२२ आहे, म्हणजे ते सगळेच यात आले. म्हणून मी भारतातल्याच एका कंपनीकडे पाठवले.

निकाल पाहून घरातले सगळे चकित झाले. सासूबाई दरवर्षी लक्ष्मीपूजनाला काही रुपये चिंचेनं घासून लख्ख करायच्या. ते खरे ठरले, पण आकडा एकालाही मिळाला नाही, डबीवर फक्त 'साफ केलेलं' असा शेरा आला. असा शेरा पाहिला की संग्राहक हात आखडता घेतो. उलट डब्याच्या तळाशी फडक्यात बांधून राहिलेला १९१८ चा रुपया काळपट, कडेला निळसर झाक असलेला. भिंगाखाली राजाच्या दाढीचा केस न् केस सुटा दिसतो. त्याला ६२ मिळाले आणि चांदीच्या भावाच्या कितीतरी वर तो गेला. तेव्हा हात जोडून सांगते, विकायचा रुपया चिंच, रांगोळी, टूथपेस्ट कशानंही घासू नका. डाग असू द्या.

तक्रारही आहे. एका रुपयाच्या लेबलवर टांकसाळ मुंबई छापून आली. पंचम जॉर्जच्या मुंबईच्या रुपयावर मागल्या बाजूला, तळच्या कमळाखाली बारीक उठावाचा ठिपका असतो. माझ्या रुपयावर तो नव्हता, म्हणजे नाणं कलकत्त्याचं. फोटो काढून कळवलं, डबी परत पाठवली. दुरुस्तीचे पैसे घेतले नाहीत, पण सांगितल्यापेक्षा फार उशीर लावला आणि फोन उचलायला कुणी नाही. ऐन पेरणीच्या तोंडावर पैसा अडकला की काय होतं, ते शेतकऱ्याच्या घरालाच कळतं.

खर्चही धरून चाला. दर नाण्यामागे फी, वर जीएसटी, जाण्या-येण्याचं विम्याचं पार्सल. झिजलेले, दागिन्यासाठी कडी जोडलेले किंवा भोक पाडलेले रुपये पाठवू नका, फीसुद्धा निघणार नाही. १९४० ते १९४५ च्या रुपयांत चांदी निम्मीच आहे, त्यातले अगदी कोरे तेवढेच निवडा. १९३९ चा रुपया असेल तर मात्र तपासल्याशिवाय कुणाला दाखवूही नका. तो दुर्मीळ आहे, आणि त्याच्या नकला सर्रास होतात.

शेत नांगरताना किंवा पांढरीच्या (जुन्या गावठाणाच्या) टेकाडावर सापडलेल्या नाण्यांची गोष्ट वेगळी. १९३९ साली मंगरूळपीर तालुक्यातल्या तऱ्हाळ्याला सातवाहनांच्या नाण्यांचा साठा सापडला आणि त्यावरून इतिहासाला राजांची नावं मिळाली. असं काही हाती लागलं तर १८७८ च्या निखात निधी (गुप्तधन) कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. ते ना ग्रेडिंगला पाठवायचं, ना सराफाकडे न्यायचं. जिल्हाधिकारी कार्यालयात लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.