सिम्पायचं लॅम्डिफाय: काही महिन्यांच्या वापरानंतर

मुलांनी टाइप केलेल्या सूत्राचा आलेख काढून देणारं एक छोटं टूल मी कॉलेजच्या प्रात्यक्षिकांसाठी चालवतो. सूत्राचं पायथन फंक्शन करण्याचं काम तिथे सिम्पाय या पायथनच्या बीजगणिताच्या लायब्ररीतलं लॅम्डिफाय करतं. त्या कामाला मी डोळे झाकून तेच सुचवेन. पण बाहेरून आलेली स्ट्रिंग, म्हणजे टाइप केलेला मजकूर, थेट सिम्पायच्या हाती देऊ नका.

सिम्पायच्याच सब्स (एक्सच्या जागी आकडा घालणारं) आणि इव्हॅल्फने (उत्तर आकड्यात देणारं) एकेका बिंदूची किंमत काढली की आलेख रखडतो. लॅम्डिफायचं फंक्शन नम्पाय या आकडेमोडीच्या लायब्ररीची अख्खी ॲरे, म्हणजे आकड्यांची रांग, एका दमात घेतं. ते बनवायला मात्र वेळ लागतो, तेव्हा लूपच्या बाहेर एकदाच बनवा. मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे सूत्र सिम्पायकडे असल्यामुळे त्याचं डेरिव्हेटिव्ह काढून त्याचंही फंक्शन करता येतं. न्यूटन-रॅफसनच्या (डेरिव्हेटिव्ह वापरून समीकरणाचं मूळ शोधायच्या) प्रात्यक्षिकाचं निम्मं काम तिथेच होतं. शंका आली तर फंक्शनवर हेल्प चालवा, आत तयार झालेला कोड समोर येतो.

एक खोड मात्र आहे. सूत्र नुसतं ५ असेल तर हजार बिंदूंची ॲरे दिली तरी उत्तर एकच ५ येतं आणि आलेख काढणारी मॅटप्लॉटलिब लायब्ररी लांबी जुळत नाही म्हणून एरर देतं. नम्पायच्या ब्रॉडकास्ट-टूने ते उत्तर ॲरेएवढं करून घ्यावं लागतं.

आता स्ट्रिंगचं. स्ट्रिंगचं सिम्पाय सूत्र करणारं सिम्पिफाय आतून इव्हॅल (मजकूर थेट कोड म्हणून चालवणारं पायथनचं फंक्शन) वापरतं आणि अनोळखी इनपुटवर ते वापरू नका, असं सिम्पायच्या डॉक्युमेंटेशनमध्येच बजावलंय. तेच काम करणाऱ्या पार्स-एक्स्प्रचीही तीच गत. म्हणून आमच्याकडे आधी चाळणी आहे: अंक, क्रियाचिन्हं, साधे कंस, एक्स आणि साइन-कॉससारखी ठरावीक नावं, एवढंच पुढे जातं. अंडरस्कोर किंवा अवतरणचिन्ह दिसलं की सूत्र परत. मग पार्स-एक्स्प्र, पण इम्प्लिसिट मल्टिप्लिकेशन आणि कन्व्हर्ट-झॉर ही ट्रान्सफॉर्मेशन लावून, कारण मुलं ‘दोन एक्स’ मध्ये गुणाकाराचं चिन्ह न घालताच लिहितात आणि घातासाठी टोपीचं चिन्ह वापरतात.

चाळणीनेही सगळं भागत नाही. ९ चा ९ वा घात आणि तोच पुन्हा ९ ला घात म्हणून, हे सूत्र दिसायला निरुपद्रवी, पण उत्तर जवळजवळ ३७ कोटी अंकी. सिम्पाय ते इमानेइतबारे काढायला बसतं. त्यामुळे प्रत्येक सूत्र वेगळ्या प्रोसेसमध्ये, वेळेची मर्यादा घालून चालवावं. लॅम्डिफायचं फंक्शन साध्या पिकलने (पायथनमधली वस्तू बाइट्समध्ये बदलायची सोय) त्या प्रोसेसकडे पाठवता येत नाही. तिकडे स्ट्रिंगच द्या आणि फंक्शन तिथेच बनवा.