घरच्या वेल्डिंग मशीनचे आठ महिने

दिवाळीनंतर २०० अँपिअरचं सिंगल फेज इन्व्हर्टर वेल्डिंग मशीन घेतलं, साडेसहा हजारांत. निफाड तालुक्यात आमची द्राक्षबाग आहे. मांडवाचे अँगल, फाटकाच्या बिजागऱ्या, ट्रॉलीचा फाळका, सतत काहीतरी तुटतंच. हंगामात फॅब्रिकेशनवाला आज येतो, उद्या येतो करत चार दिवस घालवतो. जुनं ट्रान्सफॉर्मरवालं मशीन हलवायला दोन माणसं लागायची, हे मी खांद्याला अडकवून बागेत नेतो.

फाटकाची वरची बिजागरी मी दोनदा जोडली आणि ती दोन्ही वेळा निघाली. वरून टाका चांगला दिसत होता. दुसऱ्यांदा निघाल्यावर तुटलेली बाजू उन्हात नेऊन नीट पाहिली. रॉडचं लोखंड पट्टीवर नुसतं बसलं होतं, कडा गोल, आणि खाली जुना रंग न् गंज जसाच्या तसा. भोक पडेल या भीतीने ५ मिमीच्या पट्टीवर मी ७० अँपिअरनेच काम करत होतो. तिसऱ्यांदा दोन्ही बाजू ग्राइंडरने पांढऱ्या होईस्तोवर घासल्या, कडेला उतार काढला, अर्थिंगचा क्लॅम्पही घासलेल्या जागीच लावला. ३.१५ मिमी जाडीचा रॉड, करंट ११० अँपिअर. आधी माझी नजर उजेडाकडे जायची. या वेळी वितळलेलं लोखंड दोन्ही कडांना धरतंय का, तेवढंच बघत हात सावकाश सरकवला. थंड झाल्यावर हातोडी मारली तर वरचा स्लॅग, म्हणजे टाक्यावर जमलेली कडक खपली, शिंपल्यासारखा अख्खा सुटून आला. त्या फाटकाला आता पोरं लोंबकळतात, बिजागरी हललेली नाही.

रॉड मी ६०१३ या नंबरचाच वापरतो. २.५ चा असेल तर ७० ते ८५ अँपिअर, आणि टोक कामापासून रॉडच्या जाडीइतकंच लांब. पातळ स्क्वेअर पाइपला रॉडचा होल्डर मशीनच्या मायनसला लावून थांबत थांबत छोटे टाके मारायचे, सलग ओढलं की भोक पडलंच. पावसाळ्यात पाकीट उघडं राहिलं आणि रॉड सर्दावले, तेव्हा ठिणग्या वाढल्या, टाक्यात बारीक छिद्रं पडायला लागली. तेव्हापासून रॉड घट्ट झाकणाच्या डब्यात.

तक्रारी आहेत. सोबत आलेली अर्थिंगची केबल जेमतेम दीड मीटर आणि क्लॅम्प पत्र्याचा, दहा मिनिटांत तापायचा. दोन्ही बदलले. २०० हा आकडा घरच्या सॉकेटवर विसरा. आमच्याकडे १२० च्या वर गेलं की एमसीबी पडतो. शेतीपंप सुरू असले की व्होल्टेज १७० वर येतं, मग रॉड नुसता चिकटत राहतो. त्या वेळेत मी मशीनला हातच लावत नाही.

सगळ्यात जास्त वाईट वाटतं ते अण्णांच्या डोळ्यांचं. मी काच धरून काम करत होतो आणि अण्णा शेजारी अँगल धरून उभे होते, उघड्या डोळ्यांनी. त्या वेळी काहीच झालं नाही. रात्री एक वाजता उठून बसले, डोळ्यांत वाळू गेल्यासारखी आग, पाणी थांबेना. डोळ्यांच्या डॉक्टरांनी औषध दिलं, दोन दिवसांत उतरलं. पण त्या रात्री त्यांच्या उशाशी बसून काढलेले तास मी विसरणार नाही. मशीनसोबतच आपोआप काळी होणारी काच असलेलं हेल्मेट घ्या, आणि काम धरणाऱ्यालाही वेगळी काच द्याच. जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या पाइपवर तर जस्ताचा पांढरा धूर निघतो, तो छातीत गेला की रात्री थंडी वाजून ताप भरतो. मी सांध्याजवळचा जस्ताचा थर आधी घासून काढतो आणि वाऱ्याकडे पाठ न करता, धूर आडवा जाईल असा बसतो.

मांडवाचे वीसेक अँगल, कोंबड्यांचा पिंजरा, पाण्याच्या टाकीचा स्टँड, एवढं काम झालं. पैसे केव्हाच वसूल झाले. ट्रॉलीचा हुक मात्र अजून वर्कशॉपलाच नेतो. भरलेली ट्रॉली रस्त्यात सुटली तर मागून येणाऱ्याचा जीव जाईल, आणि तिथे लागणारा टाका माझ्या हाताला अजून येत नाही.