ओटी: मुलाला सेंटरला न्यायचं, की आईवडिलांनी कोचिंग घ्यायचं?

नागपुरात ओटी, म्हणजे रोजची कामं स्वतःची स्वतः जमावीत म्हणून दिली जाणारी ऑक्युपेशनल थेरपी, शोधायला फार वणवण करावी लागत नाही; मेडिकलमध्ये, म्हणजे इथल्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात, तो अभ्यासक्रमच शिकवतात. अडतं ते पुढे. मुलाला आठवड्यातून दोनदा सेंटरला न्यायचं, की थेरपिस्टकडून आपणच कोचिंग घ्यायचं? आमचं दोन्ही करून झालंय.

सेंटर वाईट नव्हतं. झोपाळा, मोठा बॉल, मणी, चिमटे. मुलगा आनंदानं जायचा. पण दार बंद व्हायचं. मी पाऊण तास बाहेरच्या खुर्चीत, आणि शेवटी दोन मिनिटांत ‘आज छान केलं’, एवढंच. आठ महिन्यांनी तो लाकडी पाटीवरची बटणं पटापट लावायला लागला, आणि घरी शाळेच्या शर्टाचं एकही लागेना. पाटीवर बटण मोठं, कापड ताणलेलं, सगळं डोळ्यांसमोर. अंगातल्या शर्टाचं बटण बारीक, कापड सैल, मान खाली घालून बघायचं, त्यात खाली व्हॅनवाले काका हॉर्न देताहेत. हे मला फार लागलं. इतके महिने मी दाराशी बसलो होतो, आणि सकाळी घरी नेमकं काय होतं, हे मला कुणी विचारलंच नव्हतं.

कोचिंगमध्ये पहिला प्रश्न तोच. ध्येय आपण ठरवायचं. आज किती जमतं आणि त्यात आपण किती समाधानी, याला दहापैकी गुण द्यायचे. फियोना ग्रॅहम आणि सिल्व्हिया रॉजर यांनी विकसित केलेल्या या पद्धतीत थेरपिस्ट उपाय सांगायची घाई करत नाही, विचारत राहते. सुरुवातीला माझ्या बायकोला वैताग आला. ‘मॅडम, तुम्हीच सांगा ना!’ मॅडम म्हणाल्या, ‘कधी जमतं त्याला?’ तेव्हा आठवलं, रविवारी जमतं. खाली बसून, घाई नसताना. मग शर्ट दुधाच्या आधी, बसून. वरची बटणं आम्ही लावायची, सगळ्यात खालचं त्याचं, कारण ते त्याला नीट दिसतं. तीन आठवड्यांत खालची तीन त्याची झाली. पुढचं ध्येय आजीनं सुचवलं: संत्रं सोलणं.

गिळायला त्रास असेल, स्नायू ताठर असतील, स्प्लिंट (हातापायाला आधार देणारी पट्टी) लागत असेल, तर थेरपिस्टचे हात हवेतच. सेंटर सोडू नका. घरी दोघंही दमलेले असाल तर कोचिंगचं ओझंही वाटेल. एका मुलावरून सगळ्यांचं ठरवू नये, हेही खरं. फक्त सेंटर निवडताना, आम्हाला आत बसू द्याल का, एवढं आधी विचारा. नाही म्हणाले, तर मी तरी कोचिंगकडेच वळेन.