साडेतीन वर्षांच्या पोराला टोटोरो की स्पिरिटेड अवे?

मालवणच्या मावसबहिणीचा प्रश्न: पावसामुळे बाहेर पडता येत नाही, तर पोराला यातला कुठला दाखवू? दोन्ही जपानी दिग्दर्शक मियाझाकींचे ॲनिमेशनपट, दोन्हींची जाहिरात ‘सहकुटुंब पाहा’. ती सोडून द्या.

लांबी म्हणाल तर ‘माय नेबर टोटोरो’ (१९८८) ८६ मिनिटांचा, ‘स्पिरिटेड अवे’ (२००१) दोन तासांच्या वर. आपल्याकडे पावसात वीज कधी जाईल सांगता येत नाही, तेव्हा पहिलाच.

खरा प्रश्न भीतीचा. हे पोर दशावतारात संकासुर आला की आईच्या पदरात तोंड खुपसतं, आणि पदराआडून बघतंही. टोटोरो त्याच जातीचा: अवाढव्य, पण पोटावर झोपता येईल असा. ‘स्पिरिटेड अवे’त मात्र सुरुवातीलाच आईबाबा अधाशासारखे खातात आणि त्यांची डुकरं होतात. राक्षस चालतो हो. आईच आई न राहणं या वयाला झेपत नाही. टोटोरोतही आई इस्पितळात आहे, धाकटी हरवते, तळ्यात चप्पल सापडते. तेवढा वेळ मांडीवर घ्यायचं.

आठ-नऊ वर्षांचं, भुताच्या गोष्टी मागून ऐकणारं पोर असेल तर दुसरा खुशाल लावा. साडेतीनच्याला टोटोरोच, तोही दिवसाउजेडी.