लिनक्सचे वर्गीकरण कसे करावे: बडोद्यातील आठ महिन्यांचा अनुभव

दांडिया बाजारातील आमच्या घराच्या तळमजल्यावर मराठी आणि गुजराती अक्षरजुळणीचे काम चालते. २०२४ च्या दिवाळीनंतर तेथील चार संगणकांवर मी मुद्दाम लिनक्स या संगणकप्रणालीचे चार वेगवेगळे तयार संच, म्हणजे डिस्ट्रो, घातले: जुळणीच्या मुख्य यंत्रावर मिंट २२, वहिनींच्या हिशेबाच्या यंत्रावर डेबियन १२, माझ्याकडे फेडोरा ४१ आणि एका जुन्या लॅपटॉपवर आर्च. शेकडो डिस्ट्रोंपैकी आपल्या कामाची कोणती, हे ठरवण्यासाठी त्यांची विभागणी नेमकी कशावरून करावी, हे मला वापरातून जाणून घ्यायचे होते. २००१ पासून चालू असलेल्या डिस्ट्रोवॉच या डिस्ट्रोंची माहिती देणाऱ्या संकेतस्थळाची क्रमवारी येथे उपयोगी पडत नाही, कारण ती त्या संकेतस्थळावरील पानांच्या भेटी मोजते, वापरणाऱ्यांची संख्या नव्हे.

बहुतेक जण पडद्यावर दिसणाऱ्या रूपावरून विभागणी करतात. मीही सुरुवातीला तेच केले. वहिनींच्या डेबियनवर आणि माझ्या फेडोरावर एक्सएफसीई हाच डेस्कटॉप (खिडक्या आणि मेनू दाखवणारा भाग) होता. वहिनी आठवडाभर कधी या, कधी त्या संगणकावर हिशेब लिहीत होत्या आणि दोन्ही यंत्रांत काही फरक आहे हे त्यांना जाणवलेही नाही. डेस्कटॉप केव्हाही बदलता येतो, त्यामुळे वर्गीकरणात त्याचे स्थान सर्वांत शेवटी असावे, असे माझे ठाम मत झाले आहे. मराठी टंकलेखनाच्या बाबतीतही तेच: इनस्क्रिप्ट कळफलक चारही ठिकाणी सारखाच मिळाला, ‘दुसऱ्या’मधला र्‍य सगळीकडे नीट उमटला, वेगळे होते ते फक्त लोहित फॉन्टच्या पॅकेजचे (म्हणजे यंत्रावर बसवायच्या गठ्ठ्याचे) नाव.

मग मी कुळाकडे वळलो. स्लॅकवेअर आणि डेबियन ही दोन्ही १९९३ मधली. डेबियनपासून २००४ मध्ये उबुंटू निघाले आणि उबुंटूवर मिंट उभे आहे. रेड हॅटचे कुळ वेगळे, फेडोरा त्यातले. पॅकेजचा प्रकार पाहिला की कुळ कळते, असे मला वाटत असे, पण ओपनसुसे हे रेड हॅटचाच आरपीएम हा पॅकेजप्रकार वापरत असूनही त्याची मुळे रेड हॅटमध्ये नसून स्लॅकवेअरपर्यंत जातात, आणि फेडोरासाठी बांधलेले आरपीएम तेथे टाकणे शहाणपणाचे नाही.

कुळ कळले तरी काम भागत नाही, हा धडा मला एका स्कॅनरमुळे मिळाला. त्याच्या कंपनीने दिलेले डेब (डेबियन कुळाच्या प्रकारचे) पॅकेज मिंटवर सहज बसले, परंतु त्याच कुळातल्या डेबियनने ते नाकारले. ते उबुंटू २४.०४ वर बांधलेले होते, जेथे जीलिबसी ही बहुतेक प्रोग्रॅमना लागणारी पायाभूत लायब्ररी २.३९ आवृत्तीची आहे. डेबियन १२ मध्ये ती २.३६ आहे, म्हणजे त्या पॅकेजला हवी त्यापेक्षा जुनी. लिबरऑफिसचेही तसेच, डेबियनवर ७.४ आणि मिंटवर २४.२. म्हणून कोणत्याही डिस्ट्रोबद्दल पहिला प्रश्न ‘आई कोण’, म्हणजे ती कोणत्या डिस्ट्रोवर उभी आहे, असा असला, तरी दुसरा प्रश्न ‘आईची कोणती आवृत्ती’ असा असलाच पाहिजे. याचे उत्तम उदाहरण मिंटमध्येच आहे: एलएमडीई ६ ही मिंटचीच दुसरी शाखा दिसायला मिंट असली तरी त्याचा पाया उबुंटूचा नसून थेट डेबियन १२ चा आहे, आणि माझे ते पॅकेज तेथेही बसले नसते.

तिसरा प्रश्न नव्या आवृत्तीच्या लयीचा, आणि रोजच्या कामात मला हाच सर्वांत महत्त्वाचा वाटला. मिंट २२ ला २०२९ पर्यंत आधार (म्हणजे सुरक्षेच्या दुरुस्त्या) आहे, जानेवारीत २२.१ आले तेव्हा पाया तोच राहिला आणि लग्नसराईत एकही पत्रिका अडली नाही. फेडोराच्या प्रत्येक आवृत्तीला सुमारे १३ महिने मिळतात, म्हणून एप्रिलमध्ये ४२ आल्यावर एक संध्याकाळ काढून मी ते चढवले. आर्चला आवृत्तीच नाही, ते अखंड वाहत असते. लग्नसराईत लॅपटॉप दोन महिने बंद राहिला आणि नंतर अपडेट करताना पॅकेजे खरी असल्याचे पटवणाऱ्या डिजिटल सह्या जुळेनात. आधी त्या सह्या तपासणाऱ्या किल्ल्यांचे पॅकेज नवे करून मग सर्व प्रणाली अद्ययावत केल्यावर काम झाले. यात दोष माझ्या खंडाचा होता. अशी डिस्ट्रो रोज हाताळणाऱ्याकडेच द्यावी.

आता प्रत्येक यंत्रावर आई, आवृत्ती आणि आधाराची मुदत लिहिलेली चिठ्ठी लावली आहे. आर्चच्या जागी गेल्या पंधरवड्यापासून फेडोरा सिल्व्हरब्लू आहे. त्यात मूळ प्रणाली केवळ वाचण्यापुरती असते, अपडेट संपूर्ण प्रतिमेच्या (प्रणालीच्या तयार प्रतीच्या) रूपाने येते आणि बिघाड झाल्यास आधीच्या प्रतिमेवरून यंत्र सुरू करता येते. त्याची आई आणि आवृत्ती माझ्या फेडोराचीच असूनही अपडेटची रीत इतकी वेगळी आहे, की चिठ्ठीवर त्यासाठी मला चौथी ओळ वाढवावी लागली.