दुकान बंद पाडणारा नायक: ‘यूव्ह गॉट मेल’ आणि त्याचं मूळ

नोरा एफ्रनचा ‘यूव्ह गॉट मेल’ (१९९८) हा इंग्रजी प्रेमपट बघायला सुखद आहे. टॉम हँक्स आणि मेग रायन दोघंही फॉर्मात आहेत, संवाद चुरचुरीत आहेत. तरी या दोघांचं जमावं असं मनापासून वाटत नाही, आणि सगळं बिनसतं ते एकाच प्रसंगात.

कॅथलीनचं (मेग रायन) आईकडून आलेलं बालपुस्तकांचं छोटं दुकान. जवळच जो फॉक्सच्या (टॉम हँक्स) घराण्याचं अवाढव्य पुस्तकांचं दुकान उघडतं. नावगाव न सांगता दोघं एकमेकांना ई-मेल लिहीत असतात. भेटायचं ठरतं, ती कॅफेत पुस्तक आणि गुलाब घेऊन बसते. जोचा सहकारी खिडकीतून डोकावतो आणि आत कोण बसलंय ते त्याला सांगतो. इथपर्यंत दोघंही सारखेच अंधारात असतात. इथून पुढे त्याला सगळं ठाऊक, तिला काहीच नाही. आणि तिचं दुकान बंद होतं ते यानंतर. तो ते थांबवत नाही. ती आजारी पडल्यावर डेझीची फुलं घेऊन घरी जातो, मैत्री वाढवतो, वर त्या पत्रमित्रावरून तिलाच छेडतो.

त्यात एफ्रनने दुकान फार खरं उभं केलंय. रिकाम्या दुकानात कॅथलीनला लहानपणीची ती आणि तिला गिरकी देणारी आई दिसते. पुढे ती फॉक्सच्या दुकानात जाते. एक गिऱ्हाईक मुलांची काही पुस्तकं विचारतं, तिथल्या विक्रेत्याला लेखिकेचं नाव माहीत नसतं. डोळ्यांत पाणी आणून कॅथलीनच ते सांगते. चिपळूण-सावंतवाडीच्या बाजारात जूनमध्ये पोराची इयत्ता न विचारता पुस्तकांचा संच काढून देणारा दुकानदार ज्यांनी पाहिलाय, त्यांना हा प्रसंग लागल्याशिवाय राहणार नाही. एवढं पाहिल्यावर शेवटी बागेत तिने जोला मिठी मारलेली बघवत नाही.

नायक सज्जनच हवा असं अजिबात नाही. ‘माय बेस्ट फ्रेंड्स वेडिंग’मधली (१९९७) नायिका मित्राचं लग्न मोडायला निघते, पण तिला तो मिळत नाही, म्हणून तिच्याबद्दल माया टिकते. जोला मात्र सगळंच मिळतं.

आता मूळ बघा. अर्न्स्ट लुबिचचा ‘द शॉप अराउंड द कॉर्नर’ (१९४०), मिक्लोश लास्लोच्या नाटकावर बेतलेला. (कॅथलीनच्या दुकानाचं नाव इथूनच घेतलंय.) बुडापेस्टमधल्या एकाच दुकानात क्रालिक आणि क्लारा दोघंही नोकर, आणि नकळत एकमेकांनाच निनावी पत्रं लिहीत असतात. खिडकीतून डोकावणारा मित्र इथेही आहे, पण त्याच दिवशी क्रालिकची नोकरी गेलेली असते, आणि क्लारा त्याला कॅफेत वाट्टेल ते बोलते. तोही पुढे गुपित ठेवतो, शेवटी तिला जरा जास्तच ताणतो. पण त्याच्यामुळे तिची भाकरी जात नाही. सर्वात सुंदर शॉट पोस्टातल्या तिच्या पत्रांच्या खणाच्या आतून घेतलाय: हातमोजा घातलेला हात आत चाचपतो, काही सापडत नाही, मग त्या चौकटीत क्लाराचा चेहरा येतो. ती किती एकटी आहे, ते काही सेकंदांत कळतं.

गणपतीत किंवा जत्रेला हौशी नाटक बसवणाऱ्यांनी दोन्ही जरूर पाहावेत. असं कथानक घ्यायचं तर नायकाला गुपित कळल्यावर दोनपैकी एक करा: पुढच्या एक-दोन प्रवेशांत त्याला ते सांगायला लावा, नाहीतर त्याचंही तितकंच मोठं नुकसान होऊ द्या. नायिकेचं नुकसान त्या गुपिताच्या काळात घडवायचं असेल, तर ते त्याच्या हातून नको. नाहीतर तिसऱ्या अंकात कितीही गोड संवाद लिहा, समोरची बायामाणसं नायिकेच्या बाजूने चुळबुळत राहतील.

आधी १९४०चा बघा (९९ मिनिटं), मग १९९८चा (११९ मिनिटं). उलट क्रमाने पाहिलात तर जुन्यातला कॅफेचा प्रसंग आधीच फुटतो, आणि सगळी मजा त्यातच आहे. पावसाळ्यात बघणार असाल तर रेंज असताना आधीच डाउनलोड करून ठेवा आणि सबटायटल्स चालू ठेवा. पडवीवर पत्रे असतील तर सर आली की आवाज कितीही वाढवा, लुबिचच्या पात्रांची कुजबूज ऐकू येत नाही.